बॅकअप सर्व्हरच्या डेटाबेसची उन्नयन-चाचणी

बॅकअप सर्व्हरच्या डेटाबेसची उन्नयन-चाचणी ही संगणकीय माहितीच्या राखीव प्रती सांभाळणाऱ्या सर्व्हरचा डेटाबेस नव्या आवृत्तीत नेण्यापूर्वी आणि नव्या यंत्रावर हलवण्यापूर्वी करावयाची पूर्वपरीक्षा होय. या चाचणीत मूळ डेटाबेसला हात न लावता त्याची एक प्रत वेगळ्या यंत्रावर उभी केली जाते, त्या प्रतीवर उन्नयनाची सर्व प्रक्रिया पार पाडली जाते आणि अखेरीस उन्नत झालेल्या प्रतीच्या आधारे जुन्या फाइली खरोखर परत मिळतात की नाही हे तपासले जाते. नाटकाच्या पहिल्या प्रयोगापूर्वी होणाऱ्या रंगीत तालमीसारखे तिचे स्वरूप असते.

ही चाचणी आवश्यक ठरते ती दोन कारणांमुळे. एक, डेटाबेसचे उन्नयन बहुधा एकमार्गी असते. नव्या आवृत्तीत गेलेला डेटाबेस जुन्या आवृत्तीला वाचता येत नाही. दुसरे, इतर कोणताही सर्व्हर बिघडला तर बॅकअप सर्व्हर मदतीस येतो; परंतु बॅकअप सर्व्हरचाच डेटाबेस बिघडला तर त्याच्या पाठीशी कोणी नसते. आयबीएम कंपनीच्या टिव्होली स्टोरेज मॅनेजर या प्रणालीचे पाचव्या आवृत्तीवरून सहाव्या आवृत्तीत झालेले संक्रमण हे या विषयाचे ठळक उदाहरण असून प्रस्तुत लेखात त्याचा सविस्तर विचार केला आहे.

संज्ञा

बॅकअप: मूळ माहिती नष्ट किंवा दूषित झाल्यास उपयोगी पडावी म्हणून वेगळ्या ठिकाणी ठेवलेली प्रत.
पुनःस्थापना: बॅकअपमधून माहिती परत मिळवण्याची क्रिया. व्यवहारात हिला ‘रिस्टोअर’ म्हणतात.
उन्नयन: सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर नेणे. व्यवहारात यास ‘अपग्रेड’ म्हणतात.
स्थलांतर: चालू प्रणाली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलवणे.
डेटाबेस: नोंदींचा सुसूत्र संग्रह. यासाठी मराठीत ‘विदागार’ हा शब्दही वापरला जातो.

डेटाबेसचे महत्त्व

बॅकअप सर्व्हरकडे दोन प्रकारचा ठेवा असतो. पहिला म्हणजे प्रत्यक्ष माहिती. ती चुंबकीय फितींवर अर्थात टेपवर किंवा डिस्कवर साठवलेली असते. दुसरा म्हणजे त्या माहितीची नोंद. कोणत्या संगणकावरील कोणती फाइल कोणत्या दिवशी घेतली, तिच्या किती आवृत्त्या ठेवल्या आहेत, ती कोणत्या टेपवर कोणत्या स्थानी आहे आणि ती केव्हा काढून टाकावयाची आहे, हे सर्व डेटाबेसमध्ये लिहिलेले असते.

ग्रंथालयाशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. टेप म्हणजे कपाटांतील ग्रंथ आणि डेटाबेस म्हणजे त्यांची तालिका. मात्र ही तुलना एका ठिकाणी अपुरी पडते. तालिका हरवली तरी ग्रंथ उघडून वाचता येतो आणि कष्टाने का होईना, नवी तालिका तयार करता येते. टिव्होली स्टोरेज मॅनेजरसारख्या प्रणालीत तसे करता येत नाही. टेपवरील मजकूर वाचून डेटाबेस पुन्हा उभारण्याची सोय तीत नाही. डेटाबेस आणि त्याचे सर्व बॅकअप गेले, तर टेप शाबूत असूनही निरुपयोगी ठरतात.

या अवलंबित्वाला बॅकअप घेण्याची पद्धतही कारणीभूत आहे. या प्रणालीत एखाद्या संगणकाची संपूर्ण प्रत सामान्यतः एकदाच घेतली जाते. त्यानंतर दररोज केवळ नव्या आणि बदललेल्या फाइली घेतल्या जातात. त्यामुळे टेपचा आणि दररोज हस्तांतरित होणाऱ्या माहितीचा मोठा भाग वाचतो. परंतु एखाद्या संगणकाची अमुक दिवशीची स्थिती परत आणावयाची असेल, तर निरनिराळ्या वर्षी लिहिलेल्या अनेक टेपवरील तुकडे एकत्र करावे लागतात. कोणता तुकडा कोठे आहे हे फक्त डेटाबेसलाच ठाऊक असते. शिवाय टेपवरील माहिती कूटबद्ध करण्याचे काम या प्रणालीवर सोपवले असल्यास कूटलेखनाच्या किल्ल्याही त्याच डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात.

उन्नयन आणि स्थलांतर : दोन स्वतंत्र बदल

जुने यंत्र बदलण्याची वेळ आली की सॉफ्टवेअरचीही नवी आवृत्ती घ्यावी, असा विचार स्वाभाविक असतो. जुन्या यंत्राची दुरुस्तीची मुदत संपलेली असते, जुन्या आवृत्तीला कंपनीचा आधार संपत आलेला असतो आणि सेवा बंद ठेवण्याची परवानगी वारंवार मिळत नाही. त्यामुळे दोन्ही कामे एकाच आठवड्यात उरकण्याकडे कल असतो.

तथापि, हे दोन बदल वेगवेगळ्या प्रकारचे आहेत. उन्नयनात डेटाबेसची अंतर्गत रचना बदलते. स्थलांतरात प्रोसेसर, स्मृती, डिस्क, टेपयंत्राची जोडणी, नेटवर्कवरील पत्ता आणि पुष्कळदा कार्यप्रणालीची आवृत्तीही बदलते. दोन्ही एकत्र केल्यावर काही बिघडले, तर दोष नव्या सॉफ्टवेअरचा की नव्या यंत्राचा हे ओळखणे कठीण होते. म्हणून शक्य असेल तेथे एका वेळी एकच बदल करण्याचा सल्ला दिला जातो. ते शक्य नसेल, तर एकत्रित बदलाचा आधी प्रतीवर सराव करणे हाच मार्ग उरतो.

नवे यंत्र आलेले असणे ही चाचणीच्या दृष्टीने अनुकूल स्थिती असते. ते यंत्र अजून सेवेत दाखल झालेले नसते, त्यामुळे त्यावर चाचणी केल्यास दैनंदिन कामात खंड पडत नाही. शिवाय ज्या यंत्रावर पुढे प्रत्यक्ष काम चालणार आहे त्याच यंत्रावर चाचणी होत असल्याने वेळेचे आणि जागेचे मिळालेले आकडे भरवशाचे असतात.

टिव्होली स्टोरेज मॅनेजरचे उदाहरण

पार्श्वभूमी

या प्रणालीचे मूळ आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील अल्माडेन संशोधन केंद्रातील कामात आहे. १९९३ मध्ये ती ‘अ‍ॅडस्टार डिस्ट्रिब्युटेड स्टोरेज मॅनेजर’ या नावाने बाजारात आली. १९९९ मध्ये तिला ‘टिव्होली स्टोरेज मॅनेजर’ हे नाव मिळाले. २०१५ मध्ये ‘स्पेक्ट्रम प्रोटेक्ट’ आणि २०२३ मध्ये ‘स्टोरेज प्रोटेक्ट’ अशी तिची नावे पुढे बदलत गेली.

पाचव्या आवृत्तीपर्यंत या प्रणालीचा डेटाबेस तिच्याच निर्मात्यांनी खास तिच्यासाठी रचलेला होता. त्याला आकाराची मर्यादा होती. डेटाबेस जास्तीत जास्त ५३० गिगाबाइट आणि त्याची व्यवहार-नोंदवही जास्तीत जास्त १३ गिगाबाइट होऊ शकत असे. फाइलींची संख्या वाढत गेली तशी ही मर्यादा मोठ्या संस्थांना जाचू लागली. काही ठिकाणी एका सर्व्हरऐवजी अनेक सर्व्हर चालवून त्यावर तोड काढली जात असे.

२००९ मध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीत हा स्वतःचा डेटाबेस वगळून आयबीएमचीच ‘डीबी२’ ही सर्वसाधारण उपयोगाची डेटाबेस प्रणाली आत बसवण्यात आली. हा केवळ आवृत्तीचा क्रमांक बदलणे नव्हते. जुन्या डेटाबेसमधील प्रत्येक नोंद बाहेर काढून, तिचे रूप बदलून, नव्या डेटाबेसमध्ये भरणे आवश्यक होते. त्यामुळे जुने सॉफ्टवेअर काढून नवे बसवले की काम झाले, अशी स्थिती राहिली नाही.

संक्रमणाचे टप्पे

या कामासाठी आयबीएमने साहाय्यक आज्ञावलींचा एक संच दिला होता. तिच्या कामाचे ढोबळमानाने तीन टप्पे होते.

१. सिद्धता: जुना सर्व्हर थांबवून त्याचा डेटाबेस तपासला जातो आणि पुढील टप्प्यासाठी तयार केला जातो. या टप्प्यात मूळ डेटाबेसमध्ये बदल होतात. यानंतर जुना सर्व्हर पूर्ववत सुरू करावयाचा झाल्यास डेटाबेस बॅकअपमधून परत आणावा लागतो.
२. निष्कर्षण: सर्व नोंदी जुन्या डेटाबेसमधून बाहेर काढल्या जातात.
३. भरणा: नव्या यंत्रावर तयार केलेल्या रिकाम्या डीबी२ डेटाबेसमध्ये त्या नोंदी भरल्या जातात.

निष्कर्षण आणि भरणा जोडण्याचे दोन मार्ग होते. पहिल्या मार्गात बाहेर काढलेल्या नोंदी टेपवर किंवा डिस्कवरील फाइलींत लिहून त्या नव्या यंत्राकडे नेल्या जात. दुसऱ्या मार्गात दोन्ही यंत्रे नेटवर्कने जोडून एकीकडे निष्कर्षण आणि त्याच वेळी दुसरीकडे भरणा होत असे. दुसरा मार्ग वेळ वाचवणारा असला, तरी नेटवर्क मध्येच खंडित झाल्यास काम पुन्हा करावे लागे. पहिल्या मार्गात निष्कर्षण एकदा पूर्ण झाले की भरणा फसला तरी तेवढाच पुन्हा करता येई.

वेळेचा आणि जागेचा हिशेब

आयबीएमच्या मार्गदर्शनानुसार या प्रक्रियेचा अपेक्षित वेग दर तासास सुमारे ५ ते १० गिगाबाइट इतका होता. या हिशेबाने २०० गिगाबाइटच्या डेटाबेसला २० ते ४० तास लागतात. शनिवारी सायंकाळी ६ वाजता काम सुरू करून सोमवारी सकाळी ६ वाजता सर्व्हर चालू करावयाचा असेल, तर हाती ३६ तास असतात. म्हणजे अंदाजाच्या एका टोकाला काम सहज बसते आणि दुसऱ्या टोकाला बसत नाही. नेमके कोणते टोक खरे ठरेल हे त्या विशिष्ट यंत्रावर, त्या विशिष्ट डेटाबेससह मोजल्याशिवाय कळत नाही. या कालावधीत नवे बॅकअप घेता येत नाहीत आणि फाइली परतही मिळवता येत नाहीत, म्हणून हा आकडा निर्णायक असतो.

नव्या डेटाबेसला जुन्यापेक्षा ३३ ते ५० टक्के अधिक जागा लागू शकते, असेही मार्गदर्शन होते. शिवाय डीबी२च्या व्यवहार-नोंदींसाठी आणि जुन्या नोंदवह्यांच्या संग्रहासाठी वेगळ्या डिस्क राखाव्या लागत आणि स्मृतीची गरजही बरीच वाढली. जुन्या यंत्राच्या मापाने घेतलेले नवे यंत्र अपुरे पडण्याचा धोका त्यामुळे होता.

चाचणीची पद्धत

प्रत तयार करणे

चाचणीचा आरंभ मूळ डेटाबेसच्या पूर्ण बॅकअपने होतो. त्यासोबत तीन फाइली आवश्यक असतात: कोणत्या टेपवर काय लिहिले याचा इतिहास, टेपयंत्रे आणि इतर साधनांची रचना, आणि सर्व्हरच्या सेटिंगची फाइल. केवळ डेटाबेसचा बॅकअप आहे आणि या फाइली नाहीत, अशी स्थिती प्रत्यक्ष संकटाच्या वेळी उघडकीस आली तर मोठी अडचण होते. त्यामुळे चाचणीची ही पहिली पायरीच एक स्वतंत्र परीक्षा ठरते: डेटाबेसचा बॅकअप खरोखर परत येतो का?

जुनी आवृत्ती नव्या कार्यप्रणालीवर चालेलच असे नाही. म्हणून पुष्कळदा एखाद्या जुन्या, सेवेतून काढलेल्या यंत्रावर जुन्याच कार्यप्रणालीसह प्रत उभी केली जाते आणि तेथून नोंदी नव्या यंत्रावर नेल्या जातात. अशा वेळी मूळ सर्व्हर, त्याची प्रतिकृती आणि नवे यंत्र अशी तीन यंत्रे खेळात असतात. त्यांची नावे स्पष्टपणे वेगळी ठेवणे आणि प्रत्येक आज्ञा देण्यापूर्वी आपण कोणत्या यंत्रावर आहोत हे पाहणे ही साधी खबरदारी अत्यंत महत्त्वाची असते.

विलगीकरण

चाचणीतील सर्वांत धोकादायक गोष्ट म्हणजे प्रतिकृतीला आपण प्रतिकृती आहोत हे ठाऊक नसते. तिच्या डेटाबेसमध्ये मूळ सर्व्हरच्याच नोंदी असतात. त्यामुळे सुरू होताच ती मूळ सर्व्हरची कामे करू लागते. त्यातून पुढील अनर्थ संभवतात.

• मुदत संपलेल्या फाइलींच्या नोंदी काढून, रिकाम्या झालेल्या टेप पुन्हा लिहिण्यासाठी वापरण्याचे काम आपोआप सुरू होते. प्रतिकृतीच्या दृष्टीने रिकामी असलेली टेप मूळ सर्व्हरने एव्हाना नव्या माहितीसाठी वापरलेली असू शकते. ती टेप प्रतिकृतीच्या हाती लागल्यास त्यावरील माहिती पुसली जाते.
• माहिती डिस्कवरील फाइलींत साठवली असेल आणि ती डिस्क दोन्ही यंत्रांना दिसत असेल, तर प्रतिकृती त्या फाइली नष्ट करू शकते.
• काही मांडणींत ठरलेल्या वेळी सर्व्हरच ग्राहक-संगणकांना हाक देतो. प्रतिकृतीने अशी हाक दिल्यास त्या रात्रीचे बॅकअप चुकीच्या सर्व्हरवर जाण्याचा संभव असतो.
• मूळ सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरवर माहिती ठेवत असेल, तर प्रतिकृती तेथील माहितीही काढून टाकण्याची सूचना पाठवू शकते.

या कारणांमुळे प्रतिकृती सुरू करण्यापूर्वीच तिच्या सेटिंगमध्ये मुदतसमाप्ती, वेळापत्रके आणि टेपवरील माहितीची आपोआप होणारी हालचाल बंद केली जाते. मात्र केवळ सेटिंगवर विसंबू नये, असा संकेत आहे. प्रतिकृती वेगळ्या नेटवर्कवर ठेवणे, टेपयंत्राशी तिची जोडणीच न करणे आणि सामाईक डिस्क तिला दिसू न देणे हे उपाय अधिक भरवशाचे असतात. सेटिंग विसरता येते. न जोडलेली तार मात्र काही पुसू शकत नाही.

उन्नयन आणि मोजमाप

यानंतर प्रतीवर उन्नयनाची प्रक्रिया अथपासून इतिपर्यंत केली जाते. प्रत्येक टप्प्याचा आरंभ आणि शेवट, लागलेली जागा, दिसलेले इशारे आणि त्यांवर केलेले उपाय यांची लेखी नोंद ठेवली जाते. हीच नोंद पुढे प्रत्यक्ष दिवसाची कार्यसूची बनते. निष्कर्षणाच्या वेळी बाहेर काढलेल्या नोंदींची आणि भरण्याच्या वेळी आत आलेल्या नोंदींची संख्या परस्परांशी ताडून पाहिली जाते.

पहिल्या फेरीत वेळ अपेक्षेपेक्षा अधिक लागल्यास कारणे शोधता येतात. पुष्कळदा उपाय मूळ सर्व्हरवरच करावा लागतो. निकामी झालेल्या संगणकांच्या नोंदी, कोणालाही नको असलेले जुने संग्रह आणि वापरात नसलेल्या प्रणालींचे अवशेष आधी काढून टाकले तर डेटाबेस लहान होतो आणि कामाचा अवधी घटतो. त्यानंतर दुसरी फेरी घेतली जाते.

पडताळणी

उन्नयन ‘यशस्वी’ असा संदेश पडद्यावर येणे ही पडताळणी नव्हे. ती साधारणतः तीन पातळ्यांवर केली जाते.

पहिली पातळी मोजणीची. ग्राहक-संगणकांची संख्या, प्रत्येकाच्या नावे असलेल्या फाइलींची संख्या आणि आकार, ठेवण-मुदतीचे नियम, वेळापत्रके आणि वापरकर्ते यांची यादी उन्नयनापूर्वी आणि नंतर काढून ताडली जाते.

दुसरी पातळी पुनःस्थापनेची. प्रतिकृतीला मूळ टेपयंत्र जोडलेले नसल्याने येथे अडचण येते. त्यावर उपाय म्हणून डेटाबेसचा बॅकअप घेण्यापूर्वी निवडक माहितीची आणखी एक प्रत वेगळ्या टेपवर करून ती टेप चाचणीसाठी राखली जाते. प्रचलित एलटीओ प्रकारच्या टेपच्या डबीवर लेखन रोखणारी छोटी खिट्टी असते. ती बंद करून टेप स्वतंत्र टेपयंत्रात घातली की ती वाचता येते, पण तीवर लिहिता येत नाही. परत मिळवावयाच्या फाइली जाणीवपूर्वक निवडल्या जातात: एक अगदी जुनी, एक कालची, एक फार मोठी, एक नावात देवनागरी किंवा इतर बिगर-इंग्रजी अक्षरे असलेली, आणि एक मूळ संगणकावरून पुसली गेलेली. परत आलेल्या फाइलीचा चेकसम मूळ फाइलीच्या चेकसमशी जुळवला जातो. चेकसम म्हणजे फाइलीतील मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण; मजकुरात एक अक्षर बदलले तरी ती बदलते.

तिसरी पातळी दैनंदिन कामाची. काही चाचणी-संगणकांचे बॅकअप नव्या सर्व्हरवर घेऊन, मुदतसमाप्तीचे काम चालवून आणि नव्या डेटाबेसचा स्वतःचा बॅकअप घेऊन एका रात्रीचा पूर्ण क्रम पार पाडला जातो. नव्या डेटाबेसचा बॅकअप पुन्हा परत आणून पाहणे हा या पातळीचा शेवटचा आणि बहुधा विसरला जाणारा भाग होय.

परतीची वाट

चाचणी कितीही चांगली झाली तरी प्रत्यक्ष दिवशी माघार घेण्याची तयारी ठेवली जाते. तिचे घटक पुढीलप्रमाणे असतात: उन्नयनापूर्वीचा डेटाबेस-बॅकअप दोन वेगळ्या ठिकाणी ठेवणे, जुने यंत्र लगेच मोडीत न काढणे, आणि कोणत्या क्षणापर्यंत काम पूर्ण न झाल्यास माघार घ्यावयाची ती वेळ आधीच लिहून ठेवणे. थकलेल्या माणसांना पहाटे तीन वाजता हा निर्णय घ्यावा लागू नये, हा या लिखित मर्यादेचा हेतू असतो.

माघारीतील एक सूक्ष्म अडचण टेपशी संबंधित आहे. नवा सर्व्हर आठवडाभर चालला आणि मग जुन्या डेटाबेसकडे परतावे लागले, तर दरम्यान पुन्हा वापरल्या गेलेल्या टेपविषयी जुना डेटाबेस जे सांगतो ते खोटे ठरते. यासाठी रिकामी झालेली टेप लगेच न वापरता ठरावीक दिवस राखून ठेवण्याची सेटिंग टिव्होली स्टोरेज मॅनेजरमध्ये आहे. हे दिवस माघारीच्या संभाव्य कालावधीपेक्षा अधिक ठेवले की जुना डेटाबेस आणि टेप यांचा मेळ टिकतो. तरीही नव्या सर्व्हरवर दरम्यान घेतलेले बॅकअप जुन्या डेटाबेसला ठाऊक नसतात. त्यामुळे माघार जितकी लांबते तितकी तिची किंमत वाढते.

इतर प्रणालींतील स्वरूप

बाकुला या मुक्त-स्रोत बॅकअप प्रणालीत नोंदींच्या डेटाबेसला ‘कॅटलॉग’ म्हणतात. तो पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल यांसारख्या प्रचलित डेटाबेस प्रणालीत ठेवला जातो, आणि नव्या आवृत्तीसोबत त्याची रचना बदलणारी आज्ञावली दिली जाते. ही आज्ञावली आधी कॅटलॉगच्या प्रतीवर चालवून पाहणे तुलनेने सोपे असते. टेप वाचून कॅटलॉग पुन्हा तयार करण्याचे साधनही या प्रणालीत आहे. मात्र ते संथ असल्याने त्याचा उपयोग अखेरचा उपाय म्हणूनच केला जातो.

सॉफ्टवेअरची आवृत्ती तीच ठेवून केवळ यंत्र आणि कार्यप्रणाली बदलली तरी डेटाबेसला अपाय होऊ शकतो. लिनक्समधील ‘जीलिबसी’ या मूलभूत संग्रहाच्या २०१८ मध्ये आलेल्या २.२८ या आवृत्तीत शब्दांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. पोस्टग्रेएसक्यूएलच्या शब्दसूची याच नियमांवर रचलेल्या असल्याने, जुन्या कार्यप्रणालीवरील डेटाबेसच्या फाइली जशाच्या तशा नव्या कार्यप्रणालीवर नेल्यास अस्तित्वात असलेली नोंद सापडेनाशी होऊ शकते. मराठी वाचकास याची कल्पना शब्दकोशावरून येईल. काही कोशांत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ वर्णमालेच्या शेवटी येतात, तर काहींत ते ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात येतात. एका पद्धतीने रचलेल्या कोशात दुसऱ्या पद्धतीने शोध घेतला तर शब्द असूनही मिळत नाही. यावरील उपाय म्हणजे नव्या यंत्रावर सर्व सूची नव्याने रचणे. हा दोष सर्व्हर सुरू होताना दिसत नाही. प्रत्यक्ष शोध घेऊन पाहिल्यावरच उघड होतो.

उल्लेखनीय घटना

गिटलॅब, २०१७

गिटलॅब या संगणकीय आज्ञावली साठवणाऱ्या सेवेच्या बाबतीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरील माहिती पुसली गेली. ती दुय्यम सर्व्हरवरची पुसावयाची होती. चूक लक्षात येऊन आज्ञा थांबवली तेव्हा सुमारे ३०० गिगाबाइटपैकी केवळ ४.५ गिगाबाइट उरले होते. त्यानंतर बॅकअप शोधता ते आढळलेच नाहीत. डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएलच्या ९.६ या आवृत्तीवर होता, परंतु बॅकअप घेणारी आज्ञावली ९.२ या आवृत्तीची चालत होती. आवृत्त्या न जुळल्याने ती दर वेळी अपयशी ठरत होती, आणि अपयश कळवणारे ई-मेल प्राप्तकर्त्यापर्यंत पोहोचत नव्हते.

योगायोगाने सुमारे सहा तास आधी चाचणीच्या कामासाठी डेटाबेसची एक प्रत घेतली गेली होती. तिच्या आधारे सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या काळातील माहिती मात्र कायमची गेली. तीत कंपनीच्या अंदाजानुसार सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती होती. कंपनीने या घटनेचा वृत्तान्त तपशीलवार प्रसिद्ध केला. डेटाबेसचे उन्नयन झाल्यावर बॅकअपची साखळी पुन्हा तपासली गेली नाही तर काय घडते, याचे उदाहरण म्हणून तो अभ्यासला जातो.

टीएसबी बँक, २०१८

ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीवर हलवली. माहिती पोहोचली, पण नवी प्रणाली भार पेलू शकली नाही. सुमारे १९ लाख ग्राहकांना काही काळ आपल्या खात्यापर्यंत पोहोचता आले नाही. कामकाज पूर्ववत होण्यास त्या वर्षीचा डिसेंबर उजाडला. नव्या प्रणालीची दोन विदाकेंद्रे असताना भारक्षमतेची चाचणी त्यांपैकी एकावरच झाली होती, हे नंतरच्या स्वतंत्र चौकशीत पुढे आले. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमधील नियामक संस्थांनी बँकेस ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. ही घटना बॅकअप सर्व्हरची नसली, तरी ज्या यंत्रावर काम चालणार आहे त्यावरच चाचणी झाली पाहिजे हे तत्त्व तीतून स्पष्ट होते.

मर्यादा

उन्नयन-चाचणीने सर्व धोके टळतात असे नाही. चाचणीनंतर प्रत्यक्ष दिवसापर्यंत डेटाबेस वाढत राहतो, त्यामुळे मोजलेला वेळ थोडा कमी ठरू शकतो. निवडक फाइली परत आल्या म्हणजे सर्वच परत येतील अशी हमी मिळत नाही. विलग ठेवलेल्या प्रतिकृतीवर मूळ टेपयंत्राची जोडणी तपासता येत नाही. ती प्रत्यक्ष दिवशीच तपासावी लागते. शिवाय चाचणीस अतिरिक्त यंत्र, डिस्क आणि काही आठवड्यांचे मनुष्यबळ लागते. लहान संस्थांना हा खर्च जड वाटतो आणि चाचणी वगळण्याचे तेच सर्वांत सामान्य कारण असते.

असे असले तरी चाचणीतून मिळणारा एक लाभ उन्नयनापुरता मर्यादित नसतो. बॅकअप सर्व्हरचा डेटाबेस केवळ बॅकअपच्या आधारे, दुसऱ्या यंत्रावर, शून्यातून उभा करता येतो हे तीत सिद्ध होते. आग, पूर किंवा यंत्राचा अचानक बिघाड अशा प्रसंगी नेमके हेच काम करावे लागते.

हेही पहा

• बॅकअप
• डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली
• डीबी२
• पोस्टग्रेएसक्यूएल
• चुंबकीय फीत
• आपत्ती व्यवस्थापन